नशिबाचे यश नव्हे

साठच्या दशकाच्या अखेरीस एकाच गाण्याने चमकून गेलेल्या कलावंतांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यांचे यश निव्वळ नशिबाचे होते, हा निष्कर्ष पटत नाही. 'थंडरक्लॅप न्यूमन' या ब्रिटिश त्रिकुटाचेच पाहा. जुलै १९६९मध्ये त्यांचे 'समथिंग इन द एअर' हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत तीन आठवडे अव्वल होते. हे त्रिकूट जमवले 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने. पियानोवादक अँडी न्यूमन टेलिफोन खात्यात नोकरीला, गिटारवादक जिमी मॅक्‌कुलॉक जेमतेम १६ वर्षांचा, तर गाणे लिहिणारा आणि गाणारा स्पीडी कीन ड्रमवादकही. गाणे रंगात आले असताना मध्येच न्यूमनचा जुन्या वळणाचा, उड्या मारणारा पियानो घुसतो आणि सगळा नूरच पालटतो. हा मेळ कुणीतरी कान लावून बसवलेला आहे. स्टुडिओसाठी एकत्र आणलेली ही माणसे फार काळ एकत्र राहिली नाहीत, १९७१मध्ये पांगली. मॅक्‌कुलॉक मात्र १९७४मध्ये 'बीटल्स'फेम पॉल मॅकार्टनीच्या 'विंग्ज' या बँडमध्ये दाखल झाला. लेखात याचा उल्लेख हवा होता.

– एक वाचक, पुणे