बेल्लारीची गोष्ट नळदुर्गलाही लागू

महोदय,

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र ‘मराठवाड्याने इंग्रजांचा प्रत्यक्ष अंमल कधीच पाहिला नाही’ हे त्यातील विधान मान्य करता येत नाही. त्यासाठी आधी आजच्या कर्नाटकातील बेल्लारीकडे पाहावे लागते.

टिपूविरुद्धच्या युद्धांनंतर १७९२ आणि १७९९ साली निजामाच्या वाट्याला आलेला मुलूख त्याने तैनाती फौजेच्या खर्चापोटी १८०० च्या तहाने कंपनीला तोडून दिला. बेल्लारी, अनंतपूर, कडप्पा हा तो ‘दत्तमंडल’. (त्यातील तेलुगू भागाने १९२८ पासून ‘रायलसीमा’ हे नाव घेतले, आणि ते योग्यच झाले, दान दिलेला प्रदेश म्हणून कोणी का ओळखले जावे?) तेथे १८०० ते १८०७ या काळात मुख्य कलेक्टर असलेल्या थॉमस मन्रोने पाळेगारांचा, म्हणजे स्थानिक सशस्त्र सरदारांचा, जोर मोडला, शेतन् शेत मोजले आणि मध्यस्थ न ठेवता प्रत्येक कुळाशी सारा ठरवला. हा सारा जड आहे हे त्यानेच ओळखले आणि १८०७ मध्ये चौथाई सूट देण्याची शिफारस केली. वरिष्ठांनी ती तेव्हा मानली नाही, उलट गावेच्या गावे मक्त्याने, म्हणजे साऱ्याच्या ठेक्याने, दिली. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यातील ज्या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, त्यांत बेल्लारी होता.

काही वर्षांपूर्वी गुंतकलहून बेल्लारीला रेल्वेने जाताना खिडकीतून काळी रानं आणि कडब्याच्या गंजी दिसल्या, तेव्हा परमुलखात आल्यासारखे वाटलेच नाही. खानावळीत ताटात आली तीही ज्वारीचीच भाकरी, फक्त तिला ‘जोळद रोट्टी’ म्हणायचे. कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे तेथे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिली. या जिल्ह्याच्या मधोमध संडूरला मराठी घोरपड्यांचे संस्थान होते. १९५३ मध्ये भाषेच्या आधारे जिल्हा विभागला गेला, तेव्हा अदोनी, आलूर, रायदुर्ग आंध्रात गेले आणि बाकीचे तालुके म्हैसूरला मिळाले.

आता आपल्याकडे. फौजेच्याच थकबाकीपायी निजामाला १८५३ मध्ये वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर धाराशिवचा प्रदेशही इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावा लागला. नळदुर्ग हे त्या जिल्ह्याचे ठाणे होते आणि मेडोज टेलर हा तेथला अधिकारी. १८६० च्या तहाने रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, म्हणून ही वर्षे आपल्या स्मरणातून पुसली गेली; बेल्लारी मात्र कायमची गेली.

मी तुळजापूर तालुक्यातला. नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला येणारी शाळेची मुले या वर्षांविषयी काहीच न ऐकता परत जातात, याचे मला फार वाईट वाटते. पुढच्या १७ सप्टेंबरच्या पुरवणीत या सात वर्षांना एक पान द्यावे आणि ज्यांच्या घरी त्या काळातील मोडी कागद, वतनाचे दाखले किंवा साऱ्याच्या पावत्या असतील, त्यांनी ते पुढे आणावेत असे आवाहन आपल्या पत्रातून आत्तापासूनच करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
ता. तुळजापूर, जि. धाराशिव