रग्बी शिकवायची तर आधी शिकवणाऱ्यांना शिकवा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या नागपुरात पोरं रग्बी खेळून राहिलीत, चांगलंच आहे, २०१६ मध्ये सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, ऑलिंपिकमध्ये आली तेव्हापासून पालकही नाही म्हणत नाहीत. पण शिकवतो कोण? बहुतेक जागी कबड्डी नाहीतर अ‍ॅथलेटिक्सचे सर, मोबाईलवर व्हिडिओ बघून. मेहनती माणसं आहेत, तक्रार त्यांची नाहीच.

पण टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडणं, व्हिडिओ बघून शिकवता येत नाही हो. जुने कोच आधी पोरांना गुडघ्यावर बसवून टॅकल करायला लावतात, मग उभं राहून, मग चालत, आणि सगळ्यात शेवटी पळत. डोकं कुठं ठेवायचं हे तर शंभरदा सांगतात, बॉलवाल्याच्या पुढ्यात आडवं नाही, त्याच्या मागच्या बाजूला, नजर वर, खांदा लावायचा आणि दोन्ही हातांनी धरायचं, नुसतं धडकायचं नाही. त्यात मे महिन्यात आपली मैदानं म्हणजे सिमेंटच, पडायचं कसं ते आधी शिकवलंच पाहिजे. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी पोरगा बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, मॅच कितीही अटीतटीची असो.

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर कितीतरी वर्षांपासून रग्बी चालते. तिथले दोन-तीन अनुभवी कोच उन्हाळी शिबिराआधी आठवडाभर इकडं बोलवा, आणि पोरांना नाही, आमच्या सरांना मैदानावर उतरवा. खर्च जर्सी वाटण्यापेक्षा जास्त नाही येणार.

– एक क्रीडाशिक्षक, नागपूर