आजोबांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचा मसुदा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मसुदा वाचला. बाबा, ठेव कॉलेजकडे सोपवण्याआधी हिशेब पुन्हा मांडू या. दरवर्षी एक विद्यार्थी निवडायचा आणि त्याचं शिक्षण संपेपर्यंत मदत द्यायची, असं तुम्ही लिहिलंय. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा धरला, तर पाचव्या वर्षी एकाच वेळी पाच जण पैसे घेत असतील. ठेवीतून वर्षाला चार टक्केच काढायचे ठरवले, तर एका विद्यार्थ्यासाठी त्याच्या वार्षिक रकमेच्या २५ पट ठेव लागते, पाच जणांसाठी १२५ पट. एवढी जमणार नसेल तर एकालाच निवडा आणि त्याचं पुरं झाल्यावर पुढचा घ्या. तीच रक्कम पाच जणांत वाटली तर कुणाचंच भागणार नाही.

चार टक्के तुम्हाला कंजूषपणाचे वाटतील. पण ठेवीवर सात टक्के मिळाले आणि सातही वाटून टाकले, तर पाच टक्के महागाईत साधारण १४ वर्षांत त्या रकमेची किंमत निम्मी होते.

दुसरं, काही कॉलेजं बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की स्वतःची फी-सवलत तेवढीच कापतात. मग पैसा वाचतो कॉलेजचा, मुलाच्या हाती जास्तीचं काहीच पडत नाही. तसं करणार नाही, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन नको, माणसं बदलतात.

रक्कम फक्त फीसाठी, ही ओळ काढा. गमबूट, ओव्हरऑल, विच्छेदनाची पेटी, स्टेथोस्कोप हे सगळं सुरुवातीलाच घ्यावं लागतं. जनावरांना हात लावण्याआधी रेबीजची लस हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशीनुसार दोन डोस, सात दिवसांच्या अंतराने. म्हणून पहिला हप्ता मोठा ठेवा आणि प्रवेशाच्या वेळीच द्या. सत्र अर्धं सरल्यावर आलेल्या पैशाआधी कर्ज काढून झालेलं असतं.

आई, ‘गाईगुरांचाच डॉक्टर होईन’ असं लिहून घ्यायची तुझी अट मला पटत नाही. अर्जात सगळेच हो म्हणतील, आणि पुढे कुणी कुत्र्या-मांजरांकडे किंवा प्रयोगशाळेकडे वळलं तर आपण काय करणार? त्यापेक्षा निबंधाचा विषय बदल. ‘मला प्राणी का आवडतात’ यावर सगळे सारखंच लिहितात. अर्जदाराने स्वतः सांभाळलेल्या एका जनावराविषयी विचारा: काय खायला घालत होता, आजारी पडलं तेव्हा आधी काय दिसलं, कुणाला बोलावलं, उपचार काय झाला. ज्याने खरंच शेण काढलंय तो चार ओळींत कळतो. शिफारसपत्रही त्याला जनावरांसोबत काम करताना पाहिलेल्या माणसाचंच मागा.

गुणांची किमान पातळी ठेवा, ती गाठणाऱ्यांत मात्र आर्थिक गरज बघा. पहिल्या नंबराला इतर बक्षिसं मिळतातच. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्रात पुष्कळ जण अडकतात, कारण गाय, घोडा, कुत्रा यांची हाडं-स्नायू तुलनेनं पाठ करायची असतात. एका विषयात नापास झाला म्हणून लगेच पैसे थांबवू नका, एक फेरपरीक्षेची संधी द्या.

निवड तीन जणांनी करावी: एक पशुवैद्य, एक कॉलेजचा शिक्षक, एक आपल्या घरचा. अर्जदार कुणाच्या नात्यातला निघाला तर त्याने त्या वर्षी बाजूला व्हावं.

आणि बाबा, हा अभ्यासक्रमच बंद पडला तर ठेव कुठे जाईल, याचं कलम मसुद्यात नाही. सही करण्याआधी ते घालून घ्या.

तुमची,
लेक