होडीच्या तळाला गाडीचा रंग नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि या काळात किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्यांची डागडुजी व रंगकाम नारळी पौर्णिमेच्या आत उरकण्याची सगळ्यांचीच धडपड चाललेली असते. अलीकडे या रंगकामासाठी मोटारगाड्यांचा रंग सर्रास वापरला जातो. मी मालवण तालुक्यात फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो. या रंगाला माझा सरसकट विरोध नाही. परंतु तो होडीच्या कोणत्या भागाला चालतो, कोणत्या भागाला मुळीच चालत नाही आणि तो फवारणाऱ्या माणसाच्या छातीवर काय परिणाम होतो, हे होडीमालकांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लोक गाडीच्या रंगाकडे वळतात त्याला सबळ कारण आहे. खास बोटींसाठी बनवलेला रंग तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही, शहरातून मागवावा लागतो आणि महाग पडतो. उलट गाड्यांच्या रंगाचे दुकान जवळच्या बाजारपेठेत असते, तिथे हवी ती छटा जुळवून आणि गरजेपुरतीच मिळते. शिवाय गाड्यांचा दोन डब्यांचा, म्हणजे ऐन वेळी हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग आणि बोटींच्या वरच्या भागासाठीचा महागडा रंग हे मुळात एकाच कुळातले आहेत. होडीच्या बाहेरच्या कडा, नाळ (पुढचे टोक) आणि आतला भाग अशा पाणरेषेच्या वरच्या ठिकाणी, आधी मीठ गोड्या पाण्याने धुऊन, मग मेण व तेलकटपणा पुसून, त्यानंतरच पॉलिशपेपर मारून आणि इपॉक्सी प्रायमर देऊन हा रंग चढवला, तर तो ऊन आणि खारा वारा चांगला सोसतो. पुसण्याआधीच घासले तर मेण फायबरमध्ये जिरते आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो, म्हणून हा क्रम मोडू नये. त्याच दुकानातला स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोजचा) रंग मात्र घेऊ नये, कारण तो सुकल्यावरही थिनरने विरघळतो. मेटॅलिक रंगही मला योग्य वाटत नाही. धक्क्याला घासणारी होडी ओरखड्यांवाचून राहत नाही, आणि मेटॅलिकवरचा ओरखडा साध्या एकथरी रंगासारखा जागच्या जागी जुळवता येत नाही.

खरा प्रश्न पाणरेषेच्या खाली सुरू होतो. गाडीवर पाणी पडते आणि वाहून जाते. खाडीत नांगरलेली होडी मात्र महिनोन्महिने पाण्यातच असते. असा सततचा भिजाव गृहीत धरून गाडीचा रंग बनवलेला नसतो, त्यामुळे पाणी हळूहळू थरातून आत शिरते आणि रंगाखाली फोड येतात. त्याहून मोठा दोष रंगाखालच्या पुट्टीत असतो. गाडीचा पोचा भरण्यासाठी वापरतात ती पॉलिएस्टर पुट्टी शंखजिऱ्याची भुकटी घालून केलेली असते आणि ती पाणी शोषते. मागच्या हंगामानंतर दुरुस्तीला आलेल्या एका होडीचा तळ वरून गुळगुळीत दिसत होता. पण कण्याजवळचा रुपयाएवढा एक फोड पत्रीने उचलला तेव्हा आतून आंबूस पाणी आले आणि खालची पुट्टी नखाने उकरता येईल इतकी मऊ झालेली होती. त्या भागातला सगळा भराव काढून, होडी अनेक दिवस सुकवून, इपॉक्सीचे थर नव्याने द्यावे लागले आणि रंगात वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी अधिक खर्च मालकाला सोसावा लागला. पाणरेषेखाली भराव इपॉक्सीचाच हवा, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे पुरेसे थर हवेत, आणि होडी पाण्यातच उभी राहणार असेल तर शेवटी शेवाळ व शिंपल्यांना रोखणारा तांब्याचा अँटिफाउलिंग रंग हवा. गाडीच्या रंगात ते रोखण्याचा कोणताच गुण नाही.

जी होडी रोज मासेमारी करून वाळूवर ओढली जाते तिची गोष्ट निराळी आहे. ती पाण्यात काही तासच असते, म्हणून तिला अँटिफाउलिंगची गरज नाही आणि इपॉक्सीवर दिलेला पॉलियुरेथेन रंग तिच्या तळालाही बऱ्यापैकी टिकतो. तिथे शत्रू पाणी नसून वाळू आहे, त्यामुळे कण्यावर रंगाचा विचार करण्याआधी फायबरची जादा पट्टी चढवावी, हे उत्तम.

दुसरी अडचण हवामानाची. हार्डनर ओलाव्याशी लगेच अभिक्रिया करतो. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा होडीच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे दव साचू लागते त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंशांनी अधिक नसेल, तर रंग मारू नये असा सर्वसाधारण नियम आहे. होड्या मोकळ्या असतात नेमक्या त्याच दोन महिन्यांत कोकणात ही अट पाळणे फार कठीण जाते. ताडपत्रीखाली घाईने मारलेला रंग पांढुरका पडतो, त्यात बारीक बुडबुडे राहतात आणि दोष मात्र रंगाच्या कंपनीला दिला जातो.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती रंग मारणाऱ्या पोरांची. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि फवारणीच्या धुक्यातून ते फुप्फुसात गेले की दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर फवारणी करूच नये, हातमोजे घालून ब्रश-रोलरने काम करावे. चकाकी थोडी कमी येईल, ती येऊ द्यावी. जुना रंग घासतानाही हीच दक्षता हवी. रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे २०१६ चे केंद्रीय नियम केवळ घरगुती व सजावटीच्या रंगांना लागू आहेत. गाड्यांचे आणि औद्योगिक रंग त्यांत येत नाहीत. म्हणून जुना थर पाण्याने ओला करून घासावा, खाली ताडपत्री अंथरावी आणि तो चिखल पुळणीवर सोडू नये, कारण तिथेच मुले खेळतात आणि तिथेच मासळी वाळत घातली जाते.

मत्स्यव्यवसाय विभागाला माझी विनंती आहे की, मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर बाजूंनी मोकळी पण पक्क्या छपराची एकेक शेड रंगकामासाठी उभारावी. रत्नागिरीजवळ शिरगावला आपले मत्स्य महाविद्यालय आहे आणि कोचीला मासेमारी नौकांवर काम करणारी केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था आहे. त्यांच्या साहाय्याने सोप्या मराठीत एक पानी पत्रक तयार करून ते मे महिन्यातच मच्छीमार सोसायट्यांमधून वाटावे. रंगाच्या दुकानदारांनीही डबा देण्यापूर्वी, होडी पाण्यातच उभी राहते की रोज ओढून ठेवता, एवढे गिऱ्हाईकाला जरूर विचारावे.

आपला विश्वासू,
फायबर होड्यांचा एक कारागीर,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग