चुकलेल्या उत्तराचे वर्गात काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आमच्याकडच्या शाळांच्या दारांना आंब्याची तोरणे लागतात, पहिलीत येणाऱ्या मुलांची सजवलेल्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघते, हातात फूल आणि नवी पुस्तके पडतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे छापून येतात. या प्रवेशोत्सवाला माझा विरोध नाही. पहिल्याच दिवशी मुलाला शाळा आपली वाटली तर ते चांगलेच आहे. मात्र ‘आनंददायी शिक्षण’ म्हणजे काय, याचा विचार आपण बहुतेक वेळा या सजावटीपाशीच थांबवतो. फुगे फुटून गेल्यावर, ऑगस्टमधल्या एखाद्या पावसाळी दुपारी तिसरीच्या वर्गात गणिताचा तास चालू असताना, मुलाला तिथे बसावेसे वाटते की नाही याची चर्चा फारशी होत नाही. वाळवा तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका म्हणून मला त्याविषयी लिहायचे आहे. वर्गाचे वातावरण कसे आहे हे भिंतींवरच्या चित्रांवरून ओळखता येत नाही. मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात काय घडते, त्यावरून ते ओळखावे, असे माझे मत आहे.

५२ मधून ३७ वजा करायला सांगितले की तिसरीतली काही मुले हमखास २५ हे उत्तर आणतात. ‘चूक आहे, पुन्हा कर’ असे म्हणून शिक्षक पुढे गेले, तर मूल एवढेच शिकते की आपल्याला वजाबाकी येत नाही. तेच ‘हे कसे काढलेस, मला सांग बरे’ असे विचारले तर मूल सांगते की सातातून दोन गेले, राहिले पाच. पाचातून तीन गेले, राहिले दोन. म्हणजे त्याने आळस केलेला नाही आणि ठोकूनही दिलेले नाही. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा असतो, हा आधी शिकलेला नियम त्याने इमानाने पाळला आहे. तो नियम इथे का चालत नाही हे मात्र त्याला अजून कळलेले नाही. अशा वेळी दहा-दहा काड्यांच्या पाच गड्ड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून ‘यातल्या सदतीस काड्या मला दे’ असे म्हटले, की एक गड्डी सोडल्याशिवाय मार्ग नाही हे त्याचे त्यालाच दिसते. शिवाय ज्यांच्या पाटीवरही २५ च होते पण ज्यांनी हात वर केला नव्हता, अशा मुलांचीही अडचण सुटते. एकाने मोठ्याने चुकीचे उत्तर सांगितले म्हणून सगळ्यांना हे शिकता आले, असे शिक्षकाने त्याच वेळी, सर्वांसमोर म्हणायला हवे. हे शब्द उच्चारायला वेळ लागत नाही, परंतु वर्गात कोण पुन्हा हात वर करणार आणि कोण कायमचा गप्प होणार, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते.

मराठी संख्यांच्या बाबतीत तर चुकांमागचा विचार आणखी स्पष्ट दिसतो. ‘सत्तावीस’ ऐकून मूल ७२ लिहिते, कारण त्याच्या कानावर आधी सात पडतो. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिते, कारण त्याला तीस ऐकू येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ला ‘वीस सात’ अशा वाचनाची जोड दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला आणि त्यात भाषेच्या अभिमानाविषयी पुष्कळ बोलले गेले. त्या पद्धतीच्या बाजूने किंवा विरोधात मला इथे काही म्हणायचे नाही. पण ७२ लिहिणारे मूल विचार करूनच ७२ लिहिते, हा शिकवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला, याची खंत वाटते.

दुसरी गोष्ट वेळ देण्याची. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासून दाखवून दिले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकतात. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवले, तर उत्तरे लांबतात, ‘येत नाही’ म्हणणारी मुले कमी होतात आणि जी मुले एरवी मागे आहेत असे समजले जाते तीही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असताना गप्प उभे राहणे शिक्षकाला किती अवघड जाते, हे ज्याने करून पाहिले त्यालाच ठाऊक. आपल्याकडे तर पहिल्या बाकावरची चार मुले प्रश्न संपण्याआधीच ‘बाई मी, बाई मी’ करीत उठतात आणि तास रंगल्यासारखा वाटतो. पाहुण्यांना असा वर्ग फार आवडतो. प्रत्यक्षात तो तास त्या चौघांचा असतो. म्हणून हात वर करायला सांगण्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहावे आणि टाळी वाजताच पाट्या एकदम उंच धराव्यात, ही जुनी पद्धत मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटते. कोणाचे काय चुकते आहे ते शिक्षकाला एका नजरेत कळते आणि कोणाही एकट्यावर वर्गाचे डोळे खिळत नाहीत.

चुकणाऱ्याला हसणे हा मात्र असा विषय आहे, की तिथे शिक्षकाने नरमाई दाखवू नये. वर्गाचे नियम मुलांनीच ठरवावेत, ते थोडके असावेत आणि त्यांच्याच अक्षरात भिंतीवर लागावेत, हे मला मान्य आहे. पण ‘कोणाच्या उत्तराला हसायचे नाही’ हा नियम मुलांना सुचला नाही तर तो शिक्षकाने स्वतः घालावा आणि तो आपल्यालाही लागू आहे असे सांगावे. कारण मुले हसायला बहुधा आमच्याकडूनच शिकतात. ‘काय दिवे लावलेस!’ असा शेरा आम्ही मारतो, त्यावर वर्ग खदखदून हसतो, आणि वर्गात खेळीमेळी आहे असा आमचा समज होतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे आणि कलम २९ मध्ये मूल भय व चिंता यांपासून मुक्त राहावे असे म्हटले आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. छडी बऱ्याच ठिकाणी कपाटावर गेली, जीभ मात्र तशीच राहिली. काही पालक आजही मुलाला वर्गात आणून सोडताना ‘मारा, पण शिकवा’ असे सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण घाबरलेले मूल गप्प बसते आणि गप्प बसलेल्या मुलाला काय कळलेले नाही हे आम्हाला कधीच कळत नाही, हे त्यांना समजावून सांगणे हे आमचे काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गळक्या छपराची आणि संरक्षक भिंतीची चर्चा तिथे होते, तशी हीही व्हावी.

मूल कुठे बसते, हा प्रश्नही याच विषयाचा भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला आणि राज्यात आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात आपल्याला इतरांपासून दूर, कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. विद्यार्थी दिवसाला आम्ही भाषणे करतो, निबंध लिहून घेतो. त्याच दिवशी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाचा बैठकीचा नकाशा कागदावर काढून पाहिला तर भाषणापेक्षा अधिक उपयोग होईल. शेवटच्या रांगेत कोण बसते, ते स्वतःहून बसते की तिथे ढकलले गेले आहे, पोषण आहाराच्या पंगतीत कोणाशेजारी जागा रिकामी राहते, झाडू मुलींच्याच हातात का असतो आणि बाके उचलायला मुलांनाच का बोलावले जाते, वर्गाचा मॉनिटर दर वर्षी पहिल्या क्रमांकाचाच मुलगा का होतो, हे सगळे त्या एका कागदावर दिसू लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ज्या साताऱ्यातील वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती आणि स्वयंपाकापासून सारी कामे स्वतः करीत होती. इतक्या जवळचा दाखला असताना वर्गातली कामे आठवड्याला पाळीपाळीने फिरवायला आम्हाला वेगळे परिपत्रक लागू नये.

या सगळ्याची खरी कसोटी आमच्या भागात दिवाळीनंतर लागते. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जत भागातून ऊसतोडणीची कुटुंबे येतात, फडाजवळ कोप्या पडतात आणि शाळेत मधूनच काही नवी मुले दाखल होतात. स्थलांतरित मुलाला नव्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड हातात असले तर कागदपत्रांचा प्रश्न सुटतो, पण वर्गात त्यांना जागा कार्डामुळे मिळत नाही. त्यांची बोली वेगळी असते; जतच्या एखाद्या मुलाच्या घरी कन्नड बोलतात; पुस्तकातले निम्मे धडे आधीच होऊन गेलेले असतात. मार्चमध्ये ही मुले जाणारच आहेत, असे धरून त्यांना मागे बसवून चित्र काढायला दिले, की वर्गातल्या इतर मुलांनाही त्यांची किंमत कळते आणि मग त्यांना नावाऐवजी ‘ए टोळीवाल्या’ अशी हाक ऐकू येऊ लागते. याउलट पहिल्याच दिवशी हजेरीत त्याचे नाव इतरांसारखेच पुकारले, त्याच्याच वयाचा एक सोबती नेमून दिला, वर्गातले एक काम त्याच्याकडे सोपवले आणि त्याला जे येते ते सर्वांना दाखवायची संधी दिली, तर चित्र पालटते. माझ्या वर्गात आलेल्या एका मुलीला बैलांविषयी जेवढे माहीत होते तेवढे मलाही माहीत नव्हते. तिने सांगितले आणि मुलांनी ते आपल्या वहीत लिहून घेतले. पुढे वाचनात अडली तेव्हा तिला शेजारणीला विचारायची लाज वाटली नाही.

हे सगळे लिहिताना सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटची, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटाची, आठवण होणे साहजिक आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांना स्वतः करून, शोधून शिकू देत, काम करून दाखवले आणि राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला आले. पाहून परतलेल्यांपैकी अनेकांनी फरशीवर तक्ते रंगवले, मुलांच्या उंचीला येतील असे फळे केले. ते चांगलेच झाले. पण शिक्षकाने मुलांच्यात खाली बसणे, त्यांना एकमेकांकडून शिकू देणे आणि उत्तर लगेच न सांगता वाट पाहणे हे रंगाच्या डब्यात मिळत नसल्याने ते बऱ्याच ठिकाणी पोहोचले नाही. काही वर्षांनी फरशीवरचा रंग उडाला आणि ‘ती पद्धत आता जुनी झाली’ असे म्हणायला आम्ही मोकळे झालो.

असे शिकवत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपणार, हा आक्षेप सहकारी घेतात आणि तो खोटा नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरी भागात एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात. त्यांना तर प्रत्येक चुकीपाशी थांबणे शक्यच नाही. तिथे मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची सवय लावणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो वाईट नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा दबाव हे मात्र मला सबळ कारण वाटत नाही. परीक्षेला बसणाऱ्या निवडक मुलांसाठी जादा तास घ्यायचे आणि बाकीच्यांच्या वजाबाकीकडे दुर्लक्ष करायचे, याला गुणवत्ता म्हणता येत नाही. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकवता शिकवता वर्गातच होणाऱ्या मूल्यमापनाला, १०० पैकी ७० गुण आहेत; म्हणजे मूल रोज कसे शिकते आहे याकडे पाहायला शासनाने आम्हाला पुरेशी मोकळीक दिली आहे. त्या ७० गुणांच्या नोंदी आम्ही वर्गात लिहितो की सत्राच्या अखेरीस एका बैठकीत भरून काढतो, हे आमचे आम्हाला ठाऊक आहे.

शिक्षण विभागाकडे मागणी एवढीच आहे. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी शाळाभेटीला येतात तेव्हा त्यांचा बराच वेळ नोंदवह्या, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती तपासण्यात जातो. त्यांनी त्याआधी अर्धा तास एखाद्या वर्गात मागे बसावे, किती वेगवेगळी मुले बोलली आणि चुकलेल्या मुलाला शिक्षक काय म्हणाले, एवढेच टिपून घ्यावे आणि ते त्या शिक्षकाशी, इतरांदेखत नव्हे तर एकांतात, बोलावे. चुकलेल्या शिक्षकाला सर्वांसमोर झापायचे आणि त्याने मुलांना मात्र सांभाळून घ्यावे अशी अपेक्षा करायची, हे जुळत नाही. आसपासच्या शाळांचे मिळून जे केंद्र असते त्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी एका शिक्षकाने आपल्या वर्गात वारंवार होणारी एक चूक मुलांच्या वह्यांसह मांडावी आणि बाकीच्यांनी तिच्यामागचा मुलांचा विचार शोधावा. यंदा निदान एक परिषद अशी व्हावी, आणि ती कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी व्हावी, म्हणजे हंगामात येणाऱ्या मुलांसाठी काय तयारी करायची तेही तिथेच ठरवता येईल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. वाळवा, जि. सांगली