तिचा चेहरा छापायची काय गरज होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केनियातल्या मसाई जमातीच्या मुलींच्या मेळाव्याची बातमी कालच्या अंकात वाचली. आपली मराठी माणसं तिथे मदतीला गेली आणि तुम्ही त्याची दखल घेतलीत, याचा आनंदच आहे. पण सुंता आणि बालविवाहातून सुटका झालेल्या मुलीचा एवढा मोठा फोटो, खाली नाव, वय आणि वर गावसुद्धा? हे कुणी तपासलं की नाही?

यजमानांच्या नोकरीमुळे आमची बरीच वर्षं नैरोबीत गेली. तिथल्या मराठी मंडळींबरोबर मी मसाई भागातल्या नारोकच्या बाजूला, अशा मुलींना आसरा देणाऱ्या एका निवाऱ्यातल्या मेळाव्याला गेले होते. केनियात शाळांची मोठी सुट्टी वर्षअखेरीस असते आणि मुलींची सुंता करण्याचा हंगामही तोच. शाळा उघडेपर्यंत जखम भरून येते. मग लग्न ठरतं, बापाच्या गोठ्यात नवऱ्याकडच्या गाई येतात आणि मुलीची शाळा सुटते. म्हणून सुट्टी लागण्याआधी आईबापांना बोलावून कोणती मुलगी घरी पाठवायची आणि कोणती ठेवून घ्यायची, हे तिथे ठरत होतं. तुमच्या बातमीत आहे ते फक्त दप्तरांचं वाटप.

लाल शुका, म्हणजे चादरी, पांघरलेले बाप एका बाजूला, काठ्या मांडीवर आडव्या टाकून बसलेले. आया दुसरीकडे. सगळ्यांना दुधाचा चहा आणि मंदाझी, म्हणजे तळलेले गोडसर पाव. एका बापाने गावच्या चीफसमोर, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, कागदावर अंगठा उमटवला : मुलीला कापणार नाही, शाळा पुरी होईपर्यंत लग्न लावणार नाही. मग त्याची मुलगी पुढे आली, मान खाली घालून उभी राहिली आणि त्याने तिच्या डोक्यावर हात टेकवला. मसाई मुलं वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. अशा बापांना तुमच्या वार्ताहराने सरसकट 'नराधम' म्हटलंय. ज्यांच्याशी बोलून मुली घरी परत जायच्या आहेत, त्यांनाच?

दुसरी एक मुलगी होती, शाळेचा स्वेटर गुडघ्यांवर ताणून बसलेली. तिचा बाप आलाच नव्हता, आई एकटी चालत आली होती. आमच्यातल्याच एकाने तिचा फोटो काढला आणि मागच्या निवाऱ्याच्या पाटीसकट फेसबुकवर टाकला. थोड्याच दिवसांत ठरलेल्या नवऱ्याकडची माणसं निवाऱ्याच्या फाटकाशी हजर. पोरीला रातोरात दुसऱ्या ठिकाणी हलवावं लागलं. आई पुन्हा भेटायला आली, तेव्हा मुलगी कुठे आहे हे तिलाही सांगता येईना. घरी कुणी तिच्याकडून काढून घेतलं तर? ती बाई फाटकाबाहेर तशीच बसून राहिली, असं तिथल्या बाईंनी मला फोनवर सांगितलं. ती गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

केनियात सुंतेविरुद्ध कायदा आहे. २०११ च्या त्या कायद्यात किमान तीन वर्षं कैद किंवा दोन लाख शिलिंग दंड, किंवा दोन्ही. पण तक्रार केली की बाप तुरुंगात जातो आणि घरदार मुलीला दोष देतं, म्हणून मुली बोलतच नाहीत. नारोकच्या अॅग्नेस परेयिओ स्त्रीच्या जननेंद्रियाची लाकडी प्रतिकृती घेऊन गावोगाव पायी फिरल्या, बायकांशी बोलल्या, आणि २००२ मध्ये त्यांनी मुलींसाठी निवारा उघडला. अशा कामामुळेही देशभरात सुंता झालेल्या बायकांचं प्रमाण १९९८ मध्ये ३८ टक्के होतं ते २०२२ च्या पाहणीत १५ टक्क्यांवर आलं. मसाईंमध्ये मात्र २०१४ मध्येही ते पाऊणशे टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे त्या फोटोतल्या मुलीला अजून धोका आहे.

आपल्याकडे बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख छापू देत नाही. पुण्यातली मुलगी असती तर तुम्ही चेहरा झाकला असता, नावही बदललं असतं. केनियातली आहे म्हणून चालतं का?

आणि त्याच बातमीखाली 'मसाई वस्तीला भेट'सह सफारीची जाहिरात! निदान ती दुसऱ्या पानावर टाकायची होती.

छापलेला अंक आता परत घेता येणार नाही. पण ई-पेपर आणि संकेतस्थळावरून तो फोटो, नाव आणि गाव आजच काढा, आणि काढल्याचं त्या निवाऱ्याला कळवा, म्हणजे मुलीच्या बंदोबस्ताचं त्यांना वेळेत बघता येईल. माझं पत्र छापलं नाहीत तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
पुणे (पूर्वी नैरोबी)