स्थिर कयाक आणि सुरक्षित कयाक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जलक्रीडांविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून जे लेखन येते, त्यात उघड्यावर बसून वल्हवायच्या रुंद कयाकला बहुधा ‘न उलटणारी होडी’ म्हटलेले असते. अशी एक कयाक मी सहा वर्षे वापरतो आहे आणि तिच्यावर माझे मनापासून प्रेम आहे. म्हणूनच हे विशेषण वाचले की काळजी वाटते.

ती स्थिर असते हे खरे आहे, पण त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे. बंदिस्त कयाकमध्ये वल्हवणारा होडीच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या आसपास बसतो. आमच्या कयाकमध्ये बैठक पाण्याच्या पातळीच्या वर असावीच लागते, कारण तरच आत उसळलेले पाणी तळापर्यंत आरपार गेलेल्या भोकांतून आपोआप निघून जाते. बैठक उंच झाली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तोल सावरण्यासाठी होडी रुंद करावी लागते. जेमतेम तीन मीटर लांबीच्या कयाकची रुंदी म्हणूनच ७५ ते ८५ सेंटिमीटर असते. संथ पाण्यात या रुंदीचा मोठा आधार वाटतो. मात्र रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो, त्यामुळे आडवी लाट आली की तिच्या उतारासोबत तोही तिरका होतो. काही अंशांपर्यंत होडी कलंडायला ठाम विरोध करते; ती मर्यादा ओलांडली की मात्र सावरायला वेळच मिळत नाही.

याहून चोरटा धोका तिच्या पोटात असतो. पॉलिथिलीनचा हा सांगाडा आतून पोकळ असतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. एकदा परतताना माझी कयाक जड लागू लागली आणि मी ते थकव्यावर ढकलले. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर ती पूर्वीसारखी पुढे सरकेना, आणि डावीकडे झुकली की सरळ होण्याऐवजी तिथेच रेंगाळू लागली. किनाऱ्याला लागल्यावर तिला कलती करून मागचे बूच काढले, तेव्हा आतली धार कितीतरी वेळ थांबेना. नंतर उलटी करून पाहिली तर एका भोकाच्या खालच्या कडेला नखाच्या टोकाएवढी चीर होती. खडकाळ किनाऱ्यावरून ओढत नेण्याची माझी सवय तिला नडली होती. आत शिरलेले वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, आणि तेही न बांधलेले. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावते व उरलासुरला तोल घालवते. तेव्हापासून निघण्यापूर्वी मी कयाकचे एक टोक उचलून आत पाणी खळखळते का ते ऐकतो, बूच हाताने पुन्हा आवळतो आणि पाण्यापर्यंत ती चाकांच्या गाड्यावरूनच नेतो.

या कयाकचा खरा मोठा गुण असा की तिच्यातून पडलेला माणूस आत अडकत नाही आणि पुन्हा तिच्यावर चढू शकतो. पण हे सरावाशिवाय साधत नाही. होडी पालथी झाली असेल तर वरून पलीकडची कड धरून तिला आधी सुलटी करायची. मग बैठकीच्या शेजारी येऊन दोन्ही पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आणायचे, जोराने पाय मारत छाती होडीवर ओढून घ्यायची, पोटावर आडवे व्हायचे, वळून बैठकीत बसायचे आणि शेवटी पाय आत घ्यायचे. घाईने उभे राहू पाहणारा किंवा एका कडेवर सगळा भार टाकणारा होडी पुन्हा स्वतःच्या अंगावर पालथी करून घेतो. पहिल्या दिवशी चार प्रयत्नांनंतर मी कसाबसा वर आलो होतो, आणि तेही किनाऱ्याजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात. खोल, गार पाण्यात दमलेल्या माणसाने हे प्रथमच करून पाहायचे म्हटले तर काय होईल, याचा विचार प्रत्येक मालकाने करावा.

वाऱ्याविषयीही लिहिणे भाग आहे. जमिनीकडून पाण्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात काठाजवळचे पाणी फसवे शांत दिसते. उंच बसलेला माणूस आणि रुंद होडी वाऱ्याला आयतीच सापडतात, मग जाताना सोपे वाटलेले अंतर परतताना कापता येत नाही. त्यामुळे आधी वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवत जावे आणि परतीला त्याची मदत घ्यावी.

आपल्या पुरवणीत या होडीविषयी पुन्हा लेख आला, तर पुन्हा वर चढण्याच्या या कृतीला त्यात चार ओळी मिळाव्यात, ही विनंती. सोबत छायाचित्र असेल, तर त्यातल्या माणसाने लाइफ जॅकेट घातलेले असावे आणि त्याचे सगळे पट्टे आवळलेले असावेत.

आपला,
एक कयाकप्रेमी वाचक